'करावं लागलं' आणि 'जमलं नाही'

प्रश्न नाशिकच्याच एका मुलीचा आहे. तिचे आजोबा आणीबाणीत पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होते. देवभोळा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली, तर तीत एक वही निघाली. अकरा नावं, त्यांचे पाडे, आणि प्रत्येक नावापुढे शेरा: 'केस'. नसबंदीच्या केसेस. तिने मला लिहिलं, "आपल्या संस्कृतीत दया आहे, पापाची भीती आहे. ती आजोबांना का अडवू शकली नाही? आणि जर्मनीत साध्यासुध्या लोकांनी जे केलं, त्याहून हे वेगळं कसं?"

उत्तर लांबणार आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो, पण माझं खरं काम वर्गाबाहेरचं. गेली तीसेक वर्षं नाशिक जिल्ह्यात फिरून आणीबाणीच्या आठवणी लोकांच्या तोंडून टिपून घेतोय. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात महिने काढलेले, त्यांच्या बायका, त्यांना घरून उचलून नेणारे हवालदार, केसेस आणणारे गुरुजी, ग्रामसेवक आणि तलाठी, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली ते. हे शेवटचे लोक सगळ्यात कमी बोलले.

जर्मनीचं आधी सांगून टाकतो. साठ लाख ज्यूंच्या हत्येशेजारी आणीबाणी मांडून ठेवायची नसते. आपल्याकडे एकवीस महिन्यांनी निवडणूक झाली आणि सरकार गेलं. घडलं ते थोडं होतं असंही नाही. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली एक लाखाहून जास्त लोक आत गेले. १९७५-७६ साली देशात २६ लाखांच्या आसपास नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पुढच्या एका वर्षात ८१ लाखांवर. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. तेव्हा दोन्हीकडच्या पापांचं वजन मी एका तराजूत घालणार नाही. पण हुकूम आल्यावर साधा माणूस आतल्या आत कसा सरकतो, ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

सुरुवातीला मी मुलाखतीत थेट विचारायचो, "का केलंत?" त्या टेप आज ऐकवत नाहीत. 'का' विचारलं की माणूस ठेवणीतली वाक्यं काढतो. "पोटाचा प्रश्न होता." "वरून आलं होतं." "काळच तसा होता." आता मी विचारतो, त्या दिवशी सकाळी उठून काय काय केलंत? शिबिराला एसटीने गेलात की चालत? सोबत कोण होतं? डबा कुणी दिला? मग माणूस हळूहळू त्या दिवसात शिरतो, आणि तासाभराने आपण होऊन असं काही बोलतो जे त्याला स्वतःलाही नवं असतं.

तरी एक गोष्ट टेपमागून टेप तशीच येते: 'करावं लागलं'. मराठीत कर्त्याला घराबाहेर बसवून अख्खी कैफियत देता येते. यादी झाली, गाडी आली, माणसं बसवली गेली, ऑपरेशन झालं. या वाक्यांत गुरुजी कुठे आहेत? 'मी केलं' हे दोन शब्द मी बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा ऐकले. खोटेपणाचा आरोप करत नाही मी. हुकूम आला त्या दिवशीही त्यांनी तो मनाशी याच भाषेत घेतला असणार. पुढे निमित्त म्हणून उपयोगी पडणारं वाक्य तेव्हाच तयार होतं, आणि ते आईबापांकडून, शाळेतून, कचेरीतून आधीच मिळालेलं होतं. जर्मनांकडे 'हुकूम तो हुकूम' होतं. भाषा वेगळी, सोय तीच.

आता आजोबांच्या जागेकडे या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर १९७६ साली सरकार म्हणजे कोण? फॉरेस्टवाला, तलाठी आणि गुरुजी. पहिल्या दोघांना बघून लोक रानात पळायचे, गुरुजींना बघून पळत नसत. गुरुजी मुलांना शिकवायचे, पत्र वाचून दाखवायचे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे. सरकारकडे जीप होत्या, पोलीस होते. नव्हता तो पाड्यावरच्या लोकांचा विश्वास, आणि तो गुरुजींकडे होता. म्हणून 'टार्गेट', म्हणजे नसबंदीला इतकी माणसं आणायचीच हा ठरवून दिलेला आकडा, गुरुजींच्या गळ्यात पडलं. शस्त्रक्रिया झालेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, तुम्हाला कुणी धरून नेलं का? तो म्हणाला, "धरून कशाला? गुरुजींनी सांगितलं." बस्स, एवढंच. गुरूचा शब्द मानावा ही आपल्याकडची जुनी शिकवण. तीच तिथे गाडीला जुंपली गेली. संस्कृतीने आजोबांना अडवलं का नाही, असं तुम्ही विचारता. त्याच संस्कृतीने त्यांना त्या कामासाठी लायक बनवलं होतं, हे आधी पचवावं लागेल.

नकार देणारेही होते. सुरगाण्याकडचे एक गुरुजी प्रत्येक मीटिंगला साहेबांना म्हणायचे, "मला लोकांशी बोलायला जमत नाही हो." शिबिराच्या दिवशी त्यांना हटकून ताप यायचा. पगार अडकला. शेवटी त्यांनी स्वतःचंच ऑपरेशन करून घेतलं आणि ती एक केस लावली. मी त्यांना म्हणालो, तुम्ही विरोध केलात की. ते जवळजवळ रागावले. "विरोध कसला? मी तसा भित्राच. मला जमलं नाही, एवढंच."

हे ऐकलं तेव्हा मला पोलंडमधलं युझेफूफ आठवलं. १३ जुलै १९४२. हॅम्बुर्गहून आलेली राखीव पोलिसांची एक तुकडी, सुमारे पाचशे माणसं, बरेचसे मध्यमवयीन, बायकापोरांचे. काम होतं गावातल्या ज्यूंना मारण्याचं. त्यांच्या मेजरने, ट्रॅपने, सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं की ज्या वयस्कांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. डझनभर माणसं बाजूला झाली. गोळीबार सुरू झाल्यावर आणखी काही जण काही ना काही कारण काढून निसटले. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसं मारली. पुढे साठच्या दशकात चौकशी झाली, तेव्हा बाजूला झालेल्यांतल्या बहुतेकांनी 'हे पाप होतं' असं सांगितलं नाही. 'मी दुबळा पडलो' असं सांगितलं. कारण त्या पलटणीत नकाराला दुसरं नावच नव्हतं. 'हे चूक आहे' म्हणणं म्हणजे उरलेल्या सोबत्यांच्या तोंडावर थुंकणं. 'माझ्याच्याने होत नाही' म्हटलं की सोबतही टिकते आणि बंदूकही खाली राहते.

आमच्या गुरुजींचं 'जमत नाही' आणि हॅम्बुर्गच्या पोलिसाचं 'मी दुबळा' ही मला सख्खी भावंडं वाटतात. सरळ 'नाही' म्हणणाऱ्याला आपल्याकडे उद्धट म्हणतात. आपण म्हणतो 'बघू', 'घरी विचारतो', 'प्रकृती साथ देत नाही'. एरवी या सवयीची आपण टवाळी करतो, पण त्या एकवीस महिन्यांत कितीतरी माणसं याच खिडकीतून बाहेर पडली. ज्या समाजात पळवाटेला मान असतो तिथे हुकमाला गळती लागते. मी याला वीरता म्हणत नाही, कमीही लेखत नाही.

मात्र ही खिडकी दोन्ही बाजूंनी उघडते. पंचवटीतल्या एका बाईंचं सांगतो. नवरा मिसाखाली आत. १९७६ ची संक्रांत आली. दरवर्षीप्रमाणे त्यांनी हळदीकुंकू ठेवलं आणि चाळीसेक घरी आमंत्रणं दिली. सात जणी आल्या. उरलेल्या कुणी 'आम्हाला भीती वाटते' म्हटलं नाही. सगळ्यांचा एकच निरोप: अडचण आहे. बाईकडून आलेल्या या निरोपावर आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारत नाहीत. पस्तीस वर्षांनी मला हे सांगताना बाई हसत सुटल्या. "अख्ख्या आळीला एकाच आठवड्यात अडचण!" हसू ओसरल्यावर त्यांनी आलेल्या सातही जणींची नावं आल्या त्या क्रमाने सांगितली. एक दिवेलागणीनंतर मागच्या दाराने आली होती. आणि एक होती हवालदाराची बायको. भर दुपारी, पुढच्या दाराने. तिला बाईंनी विचारलं, तुमचे मालक काही म्हणाले नाहीत का? ती म्हणाली, "त्यांची ड्युटी वेगळी, वाण वेगळं."

तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर या वाक्यात आहे. त्या बाईने सरकारला विरोध केला नाही. सरकारबद्दल तिचं मत काय होतं, मला ठाऊक नाही. असेलच असंही नाही. तिच्याजवळ एक आयतं नाव होतं, 'वाण'. संक्रांतीचं वाण घ्यायला जाणं हा बंडाचा प्रकार होऊच शकत नाही. म्हणून तिला ते करता आलं. दडपशाहीत बहुतेक साधी माणसं बरंवाईट ठरवतच नाहीत. हातातल्या गोष्टीला कुठलं नाव लागू पडतं ते बघतात आणि त्या नावाबरोबर जे करायची पद्धत असते ते करतात. 'कामगिरी' नाव मिळालं की वही भरते. 'वाण' मिळालं की पाय त्या दाराकडे वळतात. ही नावं संस्कृती पुरवते, आणि दोन्ही प्रकारची पुरवते.

रविवार कारंजाजवळचे एक किराणा दुकानदारही असेच. दर्शनी भागात वीस कलमी कार्यक्रमाची पाटी, वर इंदिराबाईंचा फोटो. तुरुंगात गेलेल्या तीन जणांच्या घरी मात्र महिन्याचा किराणा उधारीवर जात राहिला, वसुलीचं नाव नाही. मी त्यांना पाटीबद्दल छेडलं. ते म्हणाले, "पाटी धंद्याची, उधारी माणसाची." मला हे ढोंग वाटत नाही. पाटी काढून सरळ आत गेले असते, तर तीन घरं उपाशी राहिली असती. पण दुसरी बाजूही बघा. अशा हजारो पाट्यांमुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत होतं की सगळं गाव सरकारच्या बाजूचं आहे. आपण एकटेच, असं वाटणं हाच तर दडपशाहीचा खरा पगार. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रम या मानसशास्त्रज्ञाने, माणूस हुकूम कुठवर पाळतो हे बघायला, १९६१ पासून जे प्रयोग केले त्यातलं एकच टोक लोकांना माहीत असतं: चाळीसपैकी सव्वीस जणांनी समोरच्याला शेवटच्या बटणापर्यंत विजेचे झटके दिले (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं). दुसरं टोक मला जास्त मोलाचं वाटतं. शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच हात काढून घेतला, तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. पुढच्या दाराने आलेल्या हवालदारणीची किंमत इथे कळते. मागच्या दाराने आलेलीचं मन तेवढंच चांगलं, पण ती आळीला दिसली नाही.

दुर्गाबाई भागवतांनी १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात हेच फार शहाणपणाने साधलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे खुद्द केंद्रीय मंत्री. अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायचं आवाहन केलं. आजारी वडीलधाऱ्यासाठी प्रार्थना! याला कोणता मराठी माणूस नाही म्हणेल? आणि सगळ्यांनी मिळून एकाच क्षणी, एकमेकांना दिसेल असं करायची गोष्ट. पुढे त्यांना अटक झाली ती झालीच.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण मी नेहमी देतो, कारण ते आपल्याला लगेच कळतं. अल्बानियात 'बेसा' म्हणून एक जुनी रीत आहे. दिलेला शब्द आणि दाराशी आलेला पाहुणा, यांच्यासाठी घरावर संकट आलं तरी मागे हटायचं नाही. १९४३ मध्ये जर्मन तिथे घुसले, तेव्हा बहुतांशी मुसलमान असलेल्या त्या शेतकऱ्यांनी ज्यूंना घरात ठेवून घेतलं, आपले कपडे, आपली नावं दिली. युद्ध संपलं तेव्हा तिथले ज्यू युद्धाआधीपेक्षा जास्त होते. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि 'बघा, संस्कृती!' म्हणून थांबतात. थोडं पुढे जाऊ. शेजारच्या कोसोव्होतल्या प्रिश्तिनात, जिथे तीच भाषा आणि तीच बेसा होती, मे १९४४ मध्ये अल्बानियनांच्याच, हिटलरच्या एसएस दलातल्या एका डिव्हिजनने पावणेतीनशेच्या वर ज्यूंना पकडून जर्मनांच्या हवाली केलं. रीत एकच होती. दाराशी आलेल्याला 'पाहुणा' म्हणायचं की नाही, हे तिथे वेगळं ठरलं होतं.

डेन्मार्कचंही सांगतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांवर ज्यूंना तिथल्या लोकांनी बोटींतून स्वीडनला पोचवलं. खरं आहे, आणि काही कोळ्यांनी त्यासाठी भरपूर पैसे घेतले हेही खरं आहे. मला हा तपशील आवडतो. ज्यू त्यांच्या लेखी 'आपले डॅनिश लोक' होते, आणि आपल्या माणसाकडून भाडं घेतात तसं त्यांनी घेतलं. कुणी देवदूत नव्हते.

म्हणजे मुद्दा 'आपला कोण' इथे येऊन अडकतो, आणि इथे मला नाशिककर म्हणून मान खाली घालावी लागते. त्या पंचवटीतल्या हळदीकुंकवाला शेजारच्या विधवा बाईंना आमंत्रण होतं का, असं मी विचारलं. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा पद्धत नव्हती." याच पंचवटीत २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचे दरवाजे बाबासाहेबांच्या सत्याग्रहींसमोर बंद राहिले, आणि त्या रामनवमीला रथाच्या वेळी दगड पडले. दगड मारणारे कुणाच्या हुकमाने मारत नव्हते. राज्य इंग्रजांचं होतं, पण हा अंमल आळीचाच होता, आणि वाळीत टाकण्याची शिक्षा शेजारीच देत होता. जी माणसं पिढ्यानपिढ्या असा अंमल अंगवळणी पाडून बसली आहेत त्यांना वरचा नवा मालक फार परका वाटत नाही. म्हणून 'आपल्या संस्कृतीत दया आहे' हे वाक्य मी पुरं होऊ देत नाही. दया आहे, कुणावर, ते सांगा.

तुमच्या आजोबांच्या वहीतली अकराही नावं पाड्यांवरची आहेत, असं तुम्हीच लिहिलंत. त्यांच्या भावकीतलं, त्यांच्या वाड्यातलं एकही नाही. तिथे तीन-चार मुलांचे बाप नसतील का? भावाला 'चल शिबिराला' म्हणायची त्यांना भीड पडली असती. वहिनी काय म्हणेल, सणावाराला तोंड कसं दाखवायचं, हे सगळं आडवं आलं असतं. म्हणजे अडवणारी गोष्ट त्यांच्याजवळ होती. ती पाड्याच्या वेशीपाशी संपत होती. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण मी ज्या गुरुजींच्या वह्या पाहिल्या त्यांतल्या बहुतेकींची कथा हीच आहे.

जवळचा माणूस तरी सुरक्षित असतो का? तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसने म्हटलं होतं की बापाने चोरी केली तर मुलाने ती झाकावी, सचोटी त्यातच आहे. त्याच देशात १९७० साली अनहुइ प्रांतातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने, आई घरात माओंविरुद्ध बोलली म्हणून तिची तक्रार केली, आणि तिला गोळी घातली गेली. पुढे म्हातारपणी त्याने जाहीर पश्चात्ताप केला. घरात 'आई' या शब्दाच्या जागी 'शत्रू' हा शब्द बसवायला तिथल्या राजवटीला काही वर्षंच पुरली. आपल्याकडच्या खबऱ्यांची गोष्ट यापुढे किरकोळ: जुन्या नाशकात चोरून पत्रकं काढायचं सायक्लोस्टाइल मशीन पकडून देणाऱ्याचा आणि पकडला गेलेल्याचा सामाईक भिंतीवरून दावा चालू होता. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, फायलींतही अशा भिंतींच्या भांडणांतून आलेल्या तक्रारी खूप सापडतात. भाऊबंदकीला पक्ष नसतो.

तर तुमच्या हातात वही आहे, आणि तुम्ही लिहिता की आजी अजून आहेत. त्यांना आजोबा चांगले होते की वाईट, असं विचारू नका. त्या चांगलेच म्हणतील. वही दाखवायची घाईही नको. त्या साली दिवाळीला कोण कोण आलं होतं, ते विचारा. पाड्यावरून भात, नाचणी, मोहाची फुलं घेऊन लोक गुरुजींच्या घरी यायचे; ते यायचे कधी थांबले, ते विचारा. पगार अडकला होता का, घर कसं चाललं, दागिना गहाण पडला का. शिबिराच्या रात्री आजोबा घरी जेवले का. रेकॉर्डर लपवू नका, समोर ठेवा. मध्येच 'करावं लागलं' आलं तर तोडू नका, पूर्ण होऊ द्या, आणि मग शांतपणे विचारा, "कुणाला?"

पहिल्या दिवशी तासाभराच्या वर बसू नका. आणि पेठला जायचं ठरवलंत तर त्या अकरा घरांपैकी कुणाच्याही ओट्यावर वही उघडू नका. आधी चहा घ्या, आपण कुणाची नात ते सांगा, आणि ते काय म्हणतात ते ऐका. काही म्हणणार नाहीत, अशीही तयारी ठेवा.